नळातलं दार

ही गोष्ट आमच्या घरात कोणी हसत सांगत नाही. कारण ती घडलेली आहे.

१८९० साल. मे महिना, भर दुपार. जागा बाळकुम, आमचंच गाव.

तेव्हा मुंबईला नव्या तलावाचं पाणी न्यायला लोखंडी नळ टाकत होते. माणूस रांगत जाईल एवढा मोठा. माझे पणजोबा जेरोम त्या कामावर लागलेले. कमरेला दोर बांधून, कंदील घेऊन आत शिरायचं, सांधे तपासायचे. दोराचं दुसरं टोक बाहेर धोंडीबा धरून बसायचा.

कामावर देखरेखीला एव्हन साहेब. त्याला इंग्रज म्हटलं की चिडायचा. "हम वेल्स का आदमी," म्हणायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने पणजोबांना आपल्या गावाचं सांगितलं.

"हमारा गाव पानी में गया, जेरोम. बडा शहर को पानी मंगता था."

"आणि लोक?"

"सबको उठाया. कबर खोदके हड्डी भी उपर ले गया. मेरा बाप नहीं उठा. दरवाजा बंद करके बैठा."

एवढं बोलून तो कामाला उठला.

त्या दुपारी पणजोबा बरेच आत गेलेले. नळ कोरडा, तापलेला. पुढचं टोक फळ्या ठोकून बंद.

आणि त्या बंद बाजूने आवाज आला...

गाणं.

म्हातारा पुरुष गात होता. चर्चमध्ये गातात तसं. भाषा ओळखीची नव्हती.

पणजोबा थांबले. गाणं थांबलं नाही.

मागून खरखर झाली. एव्हन साहेब रांगत येत होता. अंगाला घासून तो पुढे सरकला. ओठ त्या गाण्याबरोबर हलत होते.

"साहेब, पुढे वाट नाय."

त्याने ऐकलं नाही.

आणि कंदिलाच्या उजेडात पणजोबांना दिसलं... दार.

लाकडी. घराला असतं तसं.

दाराखालून पाणी येत होतं. बर्फासारखं गार.

साहेबाने दार ढकललं. आत गेला. दार लागलं.

कंदील विझला.

पणजोबा मागे सरकले. पाय मागे लोखंडी भिंतीला अडले. जिथून आत आले होते, तिथेच आता वाट नव्हती.

पुढे बंद. मागे बंद.

पाणी छातीपर्यंत चढलं. दोर ओढला, तर तो सैल हातात आला. 'आमच्या बापा' ही प्रार्थना सुरू केली, ती अर्ध्यावरच राहिली. ते नुसते लोखंडावर हात आपटत राहिले.

किती वेळ, माहीत नाही.

मग दोराला हिसका बसला. धोंडीबाने त्यांना ओढून बाहेर काढलं.

माणसं कंदील घेऊन टोकापर्यंत जाऊन आली. नळ कोरडा. फळ्या जागच्या जागी. दार नाही.

साहेब नाही.

पणजोबांचे कपडे मात्र ओले होते. छातीपर्यंत.

साहेब काम सोडून पळाला, असं ठरलं. धोंडीबाने त्याला आत जाताना पाहिलं होतं. पण त्याला कोणी विचारलंच नाही.

संध्याकाळी धोंडीबा घरी आला. पणजोबांनी त्याला सगळं सांगितलं. त्याचं गाव वर खोऱ्यात होतं, तलाव भरला की बुडणारं. गाव उठत होतं. त्याची आई उठायला तयार नव्हती.

"जेरोम, आत फक्त साहेबाचा बाप होता ना रं?"

"हो."

"आमच्या बाजूचं कोण नव्हतं?"

"नाय रे. कोण नाय."

पणजोबा खोटं बोलले. हे त्यांनी म्हातारपणी माझ्या आजोबांना सांगितलं.

दार लागल्यावर गाणं थांबलं होतं. मग अंधारात, दारापलीकडून एक बाई बोलली. आपल्या भाषेत.

"धोंडीबा, पाणी आलं रं. दार उघड."

धोंडीबाची आई तेव्हा जिवंत होती.

गाव अजून कोरडं होतं.

पुढे तलाव भरायला लागला. धोंडीबा आईला आणायला गेला. तो बाळकुममध्ये पुन्हा दिसला नाही.

नळाच्या कडेने मी आजही कामावर जातो. मध्येच कधीतरी कोणीतरी हाक मारल्यासारखं होतं...

मी थांबत नाही.