परतीचा पाहुणचार

माघ-फाल्गुनात नंदुरबारला परका माणूस हुडकायचा तर फार अक्कल लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडून तो मिरचीच्या पथारींपर्यंत आला की शिंकायला लागतो. उघड्या मैदानावर लाल मिरची वाळत पसरलेली, कडेला बाया देठ खुडत बसलेल्या, आणि वारा सुटला की अख्ख्या गावाच्या नाकात तिखट. रतिलाल सुताराचा जन्म इथला, तरी तो तोंडाला फडकं बांधून काम करायचा आणि वर दिवसातून वीसदा शिंकायचा. १९३४ सालच्या त्या सकाळी तो एका पथारीवर मांडवाचे खांब बसवत होता.

गाडीतून उतरलेली माणसं पदराआड, उपरण्याआड नाकं लपवत चालली होती. त्यांच्यातून एक जण उघड्या तोंडानं, सावकाश, वाळत्या मिरचीच्या कडेकडेनं आला आणि मांडवापाशी थांबला.

"रतिलाल, वळखं का माले?"

रतिलालच्या हातातला लाकूड तासायचा वाकस खाली पडला. ओळखणार कसा नाही? ब्राह्मणपुरीचा छगन. लहानपणापासूनचा दोस्त. आणि सहा वर्षांपूर्वी रतिलालनं स्वतःच्या हातानं त्याला समुद्रात मारलं होतं.

तेव्हा रतिलाल सुरतेपलीकडच्या एका बंदरावर होड्या बांधायच्या कामाला होता. नारळीखाली एक खोली, अंगाला सदा चिकट घाम, उशाशी लाटांचा आवाज. छगन आठ दिवसांसाठी पाहुणा आला, कारण तापीपेक्षा मोठं पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. रतिलालनं त्याचं काय काय नाही केलं! शहाळी पाजली, बाजार हिंडवला, आणि निघायच्या आदल्या दिवशी हौसेनं होडीत घातलं. किनारा बारीक दिसायला लागला तशी होडी उलटली. एक लाकूड हाताला लागलं. दोघांच्या भारानं ते खाली जातंय असं रतिलालला वाटलं. कमरेचा वाकस काढून त्यानं छगनच्या उजव्या हातावर घातला. एकदा, मग पुन्हा. दोन बोटं लाकडावरच राहिली. छगन ओरडला नाही. नुसता "रतिलाल" म्हणाला आणि त्याच्या तोंडात पाणी गेलं.

गावी परतून रतिलालनं थाप मारली: छगनला बंदर आवडलंय, तिथंच राहिलाय, मजेत आहे, येईल एक दिवस. छगनच्या आईला, भिकुबाईला, तो दर दिवाळीला ब्राह्मणपुरीला जाऊन हेच सांगायचा. म्हातारी आनंदानं त्याच्या हातावर गूळ ठेवायची, आणि हा मेला तो खायचा.

आता त्या थापेला पाय फुटून ती समोर उभी होती. "तू कसा आलास" एवढंही विचारायची रतिलालला सोय नव्हती.

"मायकडे गया व्हता का?" त्यानं कसंबसं विचारलं.

"आधी तुन्हा घर," छगन म्हणाला. "तू माले समिंदर दखाडा. आते मन्ही पाळी शे."

त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. जुनी, भरलेली जखम. कोळ्यांनी पाण्यातून काढला असेल याला, रतिलालनं मनाला समजावलं. जिवंत माणूस आहे. सावली पडतेय. पण मांडवापासून घरापर्यंत तीन पथारी ओलांडताना रतिलाल नऊ वेळा शिंकला आणि छगन एकदाही नाही.

घरी गुलाबबाईला, रतिलालच्या बायकोला, कोण आनंद झाला! पाहुण्यासाठी तिनं तव्यावर मिरच्या भाजल्या. घरभर धूर कोंडला. सात वर्षांची सोनी खोकत अंगणात पळाली, खुद्द गुलाबबाई डोळे पुसत बाहेर आली. छगन मात्र चुलीशेजारी, धुरात, डोळे सताड उघडे ठेवून बसून राहिला.

"तिखट लागत नही का हो भाऊ?" तिनं विचारलं.

"आते काहीच लागत नही, वहिनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी मेलेली सापडली. दावं तुटेपर्यंत ओढलेलं, गळा सोलवटलेला, पोट टम्म. रतिलालनं मागचे पाय धरून तिला उचललं तर नाकातोंडातून भडभडा पाणी आलं. हे असं कोरड्याठाक अंगणात, जिथं साधी विहीर नाही. त्यानं ओलं बोट जिभेला लावलं. खारट.

"सरप चावना व्हई," गुलाबबाई म्हणाली. रतिलाल हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दुपारी गल्लीतलं कुत्रं छगनवर भुंकलं. ऊन उतरायच्या आत ते रस्त्याच्या मधोमध पडलं होतं, पंजांनी धूळ उकरून उकरून नखं उखडलेली, आणि तोंडाखाली पाण्याचं थारोळं. छगन ओट्यावर बसून बघत होता. ज्या खाटेवर तो निजला होता तिची सुतळी ओली होती आणि कडेनं पांढरी पडत चालली होती.

संध्याकाळी जेवताना सोनी त्याच्या मांडीवर होती. तो तीन बोटांनी तिचे केस विंचरत होता.

"काका, समिंदर केवढा शे?"

"तुन्हा बाले इचार. त्यानी माले पार तळलोंग दखाडा." मग तिच्या कानाशी वाकून, पण रतिलालकडे बघत, तो म्हणाला, "उद्या दुपारनी गाडी शे. तुले बी ली जासू."

"ली जा भाऊ, लई वांड शे!" गुलाबबाई हसली.

रतिलालनं हातातला घास ताटात परत ठेवला. त्याच घटकेला बायकोला सगळं सांगितलं असतं, तर तिनं पोरीला क्षणभर नजरेआड केलं नसतं. लेकीवर त्याचा जीव होता. पण सांगायचं म्हणजे वाकस सांगायचा, बोटं सांगायची, भिकुबाईचा गूळ सांगायचा. पोर वाचवायची आणि थापही वाचवायची असा तिसरा रस्ता त्यानं काढला. तो रस्ता त्याच्या पायाखालचाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पथारीवरच्या बाया भाकरी खायला झाडाखाली गेल्या, तेव्हा तो छगनला मांडवामागे घेऊन गेला.

"चल, मन्हं काम दखाडस."

छगन अनवाणी पायांनी मिरचीवरून चालत पुढे झाला. मिरच्या चुरचुर मोडत होत्या.

रतिलालनं मागून मानेवर घाव घातला.

छगन गुडघ्यावर आला. दुसरा घाव कवटीवर बसला, हाड वाजलं. तिसरा, चौथा. रतिलाल शिंकत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात थांबत नव्हता. रक्त लाल मिरचीवर उडालं आणि मिरचीतच दिसेनासं झालं.

"रतिलाल," छगन म्हणाला. तोच आवाज.

पाचव्या घावाला तो गप झाला.

रतिलालनं दाताळ्यानं मिरची ओढून त्याच्यावर ढीग केला. एक पाय उघडा राहिला होता, तोही झाकला. मग धावत घरी आला.

गुलाबबाई दारातच उभी होती.

"कठे व्हतात तुम्ही? छगनभाऊ आत्तेच गया ना! तुमनी लई वाट देखी."

"कोन गया?"

"छगनभाऊ. सोनीले गल्लीना कोपरालोंग ली गया व्हता. तठून परत धाडी तिले."

रतिलालनं कमरेचा वाकस काढून बघितला. पात्यावर रक्ताचा थेंब नव्हता. पांढरं मीठ वाळून बसलं होतं.

सोनी आत खाटेवर बसली होती. वेणीचं टोक ओलं होतं. आईनं हाक मारली तरी बोलेना.

"दिट लागनी पोरले," गुलाबबाई म्हणाली. तिनं सात सुक्या मिरच्या पोरीवरून उतरवल्या आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकल्या.

धूर उठला. तिखट, जाड धूर. गुलाबबाई पदर तोंडात कोंबून खोकायला लागली. रतिलाल भिंतीला धरून वाकला, त्याचा जीव गुदमरला.

सोनी धुरात डोळे उघडे ठेवून बसून राहिली. मग उठून त्याच्याजवळ आली.

"बा," ती म्हणाली, "त्या लाकूडवर दोन जन मावतस ना?"

"कोनतं लाकूड व?" खोकता खोकता गुलाबबाईनं विचारलं.

रतिलालला ठसक्यापायी बोलता येईना. सोनी त्याची पाठ हळूहळू थोपटत होती, तीनच बोटांनी. उरलेली दोन तिनं मिटून घेतली होती.