कुणाच्या रक्ताची सुई

पुस्तकातलं उद्या वर्गात सांगते गं पोरींनो. सुई टोचली तर काय करायचं, कुणाला कळवायचं, ते सगळं. आता लाईट गेलीच आहे तर ती मेणबत्ती जरा वाऱ्याच्या आड ठेवा आणि हे ऐका.

मी मूळची भोकरची. नांदेडला नर्सिंग केलं आणि पहिली नेमणूक मिळाली ती देवणीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात. गावाचं नाव सांगत नाही. तिथं आजही माणसं नोकरी करतात. माझी आरती तेव्हा अंगावर पिणारी होती. नवरा नायगावला शाळेवर, म्हणून सासूबाई लेकराला सांभाळायला माझ्यासोबत आल्या होत्या. दवाखान्याच्या मागेच क्वार्टर होतं. दुपारी मधल्या सुट्टीत जाऊन लेकराला पाजून यायचं, असा माझा दिवस.

रुजू होऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. मे महिना, भर दुपार. गावात तापाची साथ होती. डॉक्टर सुगत ओपीडीतून सांगून गेले, "मंजुश्री सिस्टर, बायकांच्या वॉर्डातल्या तापाच्या सगळ्या पेशंटचं रक्त काढून ठेवा. चारच्या गाडीनं पाठवायचंय."

मी ट्रॉली घेऊन निघाले. ट्रॉलीला सुया टाकायचा पांढरा डबा अडकवलेला होता. सुई काढली की टोपण न लावता सरळ त्यात टाकायची, हे माझ्या हाताला बसलेलं होतं. तीन-चार बायांचं रक्त काढून झालं. तेवढ्यात बाहेर उन्हाचा रंग बदलला. पिवळट, मग मातकट. वादळ उठलं होतं. खिडक्यांची तावदानं थडथडायला लागली, पंखे फिरता फिरता मंदावले आणि थांबले. वॉर्डात संध्याकाळ झाल्यासारखं अंधारून आलं.

त्या आवाजातही मला खोकला ऐकू आला. वॉर्डाच्या टोकाला, दोन पायऱ्या उतरून, एक वेगळी खोली होती. तिकडूनच.

"बाई... माझं राहिलं की."

दार अर्धवट उघडं होतं. मी नवीन होते, त्या खोलीत कोण आहे मला काय ठाऊक? पायऱ्यांमुळं ट्रॉली तिकडं जाईना. म्हणून मी ट्रेमध्ये सुई, नळी, कापूस घेतला आणि उतरले. पांढरा डबा ट्रॉलीवरच राहिला.

आत वास होता. फिनेलचा नाही. जुन्या स्पिरिटचा, आणि पत्र्याच्या डब्यात पाणी उकळत ठेवल्यावर येतो तसला. पूर्वी सुया उकळून पुन्हा वापरायचे, तसला काहीसा. खाटेवर एक बाई भिंतीकडं तोंड करून निजली होती. एवढ्या उकाड्यात तिनं दवाखान्याचं लाल ब्लँकेट डोक्यावरून घेतलं होतं. फक्त एक हात बाहेर होता.

"नाव काय तुमचं?"

तिनं हात तेवढा पुढं केला. मी हाताला पट्टा बांधला. कातडी गार होती. ताप असलेल्या माणसाची नव्हे. पाण्याच्या रांजणाला बाहेरून हात लावल्यावर लागते तशी, गार आणि ओलसर.

"ती शीर पळती," ती म्हणाली. "जरा खालची घे. आडवी धर सुई."

मी खालची घेतली. पहिल्या टोचण्यातच रक्त आलं. काळपट, सावकाश येणारं. नळी भरली, सुई काढली, कापूस दाबला. आता सुई टाकायची, तर डबा नाही.

"टोपण लाव की तिला," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला भ्या वाटतंय त्या सुईचं. लाव गं माय..."

पोरींनो, लावू नये हे मला माहीत होतं. सुई ट्रेमध्ये तशीच ठेवून वर जायचं, एवढंच करायचं होतं. पण ती विनवत राहिली, बाहेर पत्रा आपटत राहिला, आणि मी टोपण उचललं. तेवढ्यात वाऱ्यानं दार धाडकन भिंतीवर आपटलं. सुई टोपणाच्या कडेवरून सटकली आणि हातमोज्यातून माझ्या डाव्या अंगठ्यात शिरली.

दुखलं नाही फारसं. मोज्याच्या आत एक गरम थेंब पसरताना जाणवला, बस्स.

ब्लँकेटखालून एक लांब श्वास सुटला. खूप वेळ रोखून धरलेला असावा तसा.

"शिरली न्हाई का?" ती म्हणाली. "कुणाला सांगू नको. तू लेकराची माय हाईस... घरातून काढतील तुला."

मी तिला लेकराबद्दल एक शब्दही बोलले नव्हते.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नुसतं धुऊन टाक. काय होत न्हाई. मला बी असंच म्हणले होते." मग आवाज अगदी पेंगुळल्यासारखा झाला. "जा आता. मला झोप यायली..."

तिनं तोंड माझ्याकडं वळवायला सुरुवात केली. ब्लँकेट डोक्यावरून घसरायला लागलं. मी पाहिलं नाही. ट्रे उचलला आणि पायऱ्या चढून पळत सुटले.

बेसिनवर मोजा काढला, साबण लावून अंगठा वाहत्या पाण्याखाली धरला. दाबला नाही, चोखला नाही. पाण्यात बारीक लाल दोरा सुटत होता. आणि खरं सांगते, तेव्हा मला तिचंच बोलणं पटत होतं. कुणाला सांगायचं? सांगितलं की औषधं चालू होणार, दूध बंद होणार, सासूबाई विचारणार, गावात कुजबुज होणार. धुतलंय ना? मग झालं. चार भिंतींतली गोष्ट. हे सगळं माझ्याच मनात येत होतं, पण आवाज माझा नव्हता. पेंगुळलेला होता.

तो आवाज ओळखला आणि मी ओरडले, "भामाबाई!"

भामाबाई आमच्या आया. पहिल्यापासून तिथंच नोकरी केलेल्या. धावत आल्या.

"मावशी, सुई टोचली मला. शेवटच्या खोलीतल्या पेशंटची."

त्यांचा चेहरा उतरला. "कंच्या खोलीतल्या?"

"दोन पायऱ्या उतरून आहे ती."

"त्या खोलीला कुलूप हाय, सिस्टर."

मी त्यांना तिकडं नेलं. दाराला गंजलेलं कुलूप होतं. वादळ ओसरायला लागलं होतं. भामाबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. किल्ली फिरायला वेळ लागला. आत मोडक्या खाटा एकावर एक रचलेल्या होत्या, फाटक्या गाद्या, गंजलेली सलाईनची स्टँडं. निजायला जागाच नव्हती. फरशीवर बोटभर धूळ होती आणि त्या धुळीत माझ्याच चपलांचे ठसे, आत गेलेले आणि बाहेर आलेले.

सगळ्यात खालच्या खाटेवर कापसाचा बोळा पडला होता. मी दाबलेला. अजून ओला, लाल.

भामाबाईंनी दार ओढून घेतलं आणि माझा दंड धरला. "काय बोलली ती?"

"कुणाला सांगू नको म्हणाली."

"मग आत्ताच्या आत्ता सांग," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टरकडं चल. बाकीचं मागनं."

जाता जाता त्यांनी जे सांगितलं ते इतकंच. खूप वर्षांपूर्वी तिथं अंबिका नावाची सिस्टर होती. लग्न ठरलेलं होतं. एका पेशंटची सुई तिला टोचली. तेव्हाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, धुऊन टाक, बोभाटा करू नको, लग्न मोडेल. ती गप्प राहिली. पुढं खंगत गेली, लग्न मोडलंच, आणि शेवटी त्याच खोलीत, भिंतीकडं तोंड करून पडून राहायची; तिथंच गेली. "पानी द्यायला मीच जायची," भामाबाई म्हणाल्या. "दुसरं कुणी जात नव्हतं."

डॉक्टर सुगत वयानं लहान, पण शांत माणूस. मी सगळं सांगितलं. खोलीचंही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग भामाबाईंकडं, आणि कपाट उघडून एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या काढल्या.

"खोलीत कोण होतं ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "सुई टोचलीय हे खरं आहे. पहिली गोळी माझ्यासमोर घ्या."

"ज्याचं रक्त, ते माणूसच नसलं तर?"

"कुणाचं रक्त ते कळत नसलं तरी थांबायचं नसतं, सिस्टर. उलट जास्तच काळजी घ्यायची." त्यांनी माझं रक्त तपासायला घेतलं, वर कळवलं, महिनाभराच्या गोळ्या दिल्या. मग जरा खाली मान घालून म्हणाले, "बाळाला सध्या अंगावर पाजू नका."

नळी माझ्या ट्रेमध्येच होती. आमचे लॅबवाले रामलिंग भाऊ ती घेऊन गेले. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा असतात. एक रोग असला तर उमटते. दुसरी कायम उमटते, पट्टी बरोबर चालल्याची खूण म्हणून. रामलिंग भाऊ बऱ्याच वेळानं बाहेर आले. कपाळावर घाम होता.

"सिस्टर, एक बी रेघ येईना. दुसरी पट्टी लावली, तिसरी लावली. कोरीच. त्याच पाकिटातल्या पट्टीवर तुमचं रगत टाकलं तर खुणेची रेघ लगेच आली." त्यांनी नळी माझ्यापुढं धरली. "आन् त्या नळीतलं रगत गोठून नाही राहिलं. अजून कोमट हाय. तुम्हीच घ्या हातात."

मी घेतली नाही. डॉक्टरांनी ती नळी स्वतःसमोर नष्ट करायला लावली.

संध्याकाळी घरी गेले. आरती माझ्याकडं झेपावत होती आणि मी दारातच उभी. सासूबाईंना सगळं सांगितलं, फक्त खोलीतल्या बाईचं सोडून. मला वाटलं, आता ताट वेगळं होणार.  त्यांनी उठून दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं.

"लेकराला वरचं दूध पाजू," त्या म्हणाल्या. "तुला काय झालेलं न्हाई, मी सांगते. झालं तरी मी हाय की." त्या रात्री लेकरू रडलं, माझी छाती दगडासारखी झाली, आणि सासूबाई माझ्या पाठीवर हात ठेवून बसून होत्या.

गोळ्यांनी मळमळायचं, डोकं गरगरायचं. पण एकही चुकवली नाही. दीड महिन्यानं तपासणी, मग तीन महिन्यांनी, मग पुन्हा. प्रत्येक वेळी निकाल चांगला. शेवटचा निकाल हातात आला तेव्हा डॉक्टर सुगतसुद्धा हसले. त्यांनी दोन पायऱ्यांवर फळी टाकून ट्रॉली खालीही जाईल अशी सोय करून घेतली. खोली रिकामी केली, चुना मारला. पुढं माझी बदली इकडं नांदेडला झाली. मी वाचले पोरींनो, ते सांगितलं म्हणून. गप्प राहिले असते तर आज मी नसते कदाचित.

आता आरती तीन वर्षांची आहे. मी तिला कधी दवाखान्यात कामावर नेलेलं नाही, घरी कधी कुणाचं रक्त काढलेलं नाही. मागच्या आठवड्यात भर दुपारी ती ओसरीवर एकटीच खेळत होती. मी आतून पाहिलं. तिनं रिकाम्या दाराकडं हात पुढं केला होता, मूठ आवळून, अंगठा आत घेऊन, आणि अगदी न हलता उभी होती. लेकरं अशी उभी राहत नाहीत. जरा वेळानं तिनं दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या खळगीवर दाबलं आणि हात दुमडून घेतला.

मी धावत जाऊन तिला उचललं. "काय करत होतीस गं?"

ती दाराकडं बघत हसली. "झालं," म्हणाली. "सिस्टर गेल्या."

कोपराच्या खळगीत एक बारीक लाल ठिपका होता. डास चावला असंल, सासूबाई म्हणाल्या.

मीही तसंच म्हणते.