न निवणारा चहा

या, असे जवळ या. मागचेही पुढे सरका, ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. गोष्ट प्रेमाची आहे, पण ऐकता ऐकता मध्येच अंगावर काटा आला तर घाबरू नका. तो वरचा सगळ्यांच्या पाठीशी उभा आहे — आपल्याही, आणि जे आता दिसत नाहीत त्यांच्याही.

एक मुलगी होती. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कर्मचारी विभागात कामाला. राजीनामा घेऊन आलेला माणूस तिच्या टेबलासमोर बसायचा, पाणी प्यायचा, घरचं-दारचं बोलायचा आणि राजीनामा तसाच खिशात घालून परत मशीनवर जायचा. बोलायचीच तशी गोड. सगळे तिला डिंकताई म्हणायचे. एकदा हिच्याशी बोलायला बसलं की माणूस सुटत नाही!

पण पदव्युत्तर शिक्षणाशिवाय बढती नव्हती. म्हणून तिने मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. प्रवेश जरा उशिराच मिळाला, बाकीच्यांचा अभ्यास सुरू होऊन गेला होता. रविवारी दुपारी दादा-वहिनींच्या घरातल्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती बसायची.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "आता जोड्या पडतील. प्रत्येक जोडीला वेगळी खोली." लॅपटॉपचा पडदा क्षणभर काळा झाला. उजळला तेव्हा समोर... तो.

निळा स्वेटर. कपाळावर आलेले केस. मागे खिडकी, खिडकीत हलणारा फिकट पडदा. हाताशी चहाचा कप आणि त्यातून वर जाणारी वाफ.

"आलात?" तो म्हणाला. जणू तिचीच वाट बघत होता.

"उशीर झाला का?"

"झाला खरा. पण आता तक्रार नाही."

डिंकताईच्या मानेवर शहारा आला. तो गोड होता की गार, ते तिला तेव्हा कळलं नाही.

सराव होता निरोपाच्या मुलाखतीचा. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाशी कंपनी शेवटचं जे बोलते, ते बोलणं. एकाने जाणारा व्हायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे. मॅडमनी बजावलं होतं, "अडवायचं नाही. समजूत घालायची नाही. विचारायचं, ऐकायचं आणि दारापर्यंत सोडायचं."

"जाणारा मीच होतो," तो लगेच म्हणाला.

"बरं. का सोडताय नोकरी?"

"बोलावणं आलंय."

"पगार जास्त देणार आहेत?"

तो हसला. "पगाराचं काही बोलले नाहीत."

"मग कशाला जाताय हो? थांबा की इथेच..."

नियम मोडला होता. तिने जीभ चावली. त्याने मान जराशी तिरकी केली. "थांबू?"

"...थांबाच."

"ठीक. राजीनामा मागे!"

दोघंही खळखळून हसली. झालं, त्या दिवसापासून हाच खेळ. रविवार आला की तो जायला निघायचा, ती अडवायची, तो राजीनामा मागे घ्यायचा. तिने केस मोकळे सोडले की म्हणायचा, "आज मुलाखत अवघड जाणार." ती म्हणायची, "तुमचा स्वेटर धुवायला टाका की एकदा! दुसरा नाही का?"

"नाही," तो म्हणायचा. एवढंच.

"आणि चहा गार होईल तुमचा."

"होत नाही. मला गरम पिववत नाही, म्हणून निवायची वाट बघतोय... कधीची."

ती हसायची. पण एक मात्र होतं. बाहेर उन्हाने अंगण तापलेलं असायचं, शेजारी गरम इस्त्री उभी असायची आणि तिची बोटं काकडून गार पडायची. त्याच्या खिडकीतला पडदा एकाच लयीत हलायचा. वर जायचा, थबकायचा, खाली यायचा. आभाळ भरून आलं तरी त्याच्या खिडकीत तेच ऊन.

"वर्ग नसतो तेव्हा काय करता?" तिने एकदा विचारलं.

"कळत नाही. खोली बंद होते. मग अंधारही नसतो. मग तुम्ही येता."

"फार नाटकी बोलता बाई तुम्ही!" पण तिचे गाल तापले होते.

एका रविवारी वहिनी कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत आली. "कुणाशी खिदळतेस गं एकटीच?"

"वर्गातला मित्र आहे, वहिनी."

"मला तर तुझाच आवाज येतो. मुका आहे का? मग नवरा म्हणून झकास आहे, हातचा सोडू नकोस."

"कानात इअरफोन घातलेत ना मी. तुम्हाला कसा येईल त्याचा आवाज?"

"कानात? अगं, इअरफोन सकाळीच तुझे दादा घेऊन गेले." वहिनी हसत हसत निघून गेली.

डिंकताईने कानाला हात लावला. कान मोकळे होते. आणि लॅपटॉपवर तो तिच्याकडे बघत होता — फार मायेने.

सत्र संपत आलं, तसा मॅडमचा फोन आला. "अगं, तुझी माफी मागायची राहिली. शेवटच्या सरावाला तरी जोडीदार देऊ का? इतके दिवस एकटीच बोललीस."

"एकटी? माझा जोडीदार आहे ना, मॅडम. निळ्या स्वेटरवाला..."

मग मॅडमचा आवाज अगदी हळू आला. "तू उशिरा आलीस, तुला कुणी सांगितलंच नसेल. पहिल्या वर्गाच्या दिवशी तो चहा ओतून बसला आणि... बसल्या जागीच गेला गं. बहिणीने पाहिलं. यादीतून त्याचं नाव काढायला माझा हात धजला नाही. तू आलीस आणि संगणकाने तुला त्याच्याच नावाशी जोडलं. मला वाटलं, तू रिकाम्या खोलीत सराव करतेस."

डिंकताईने फोन ठेवला. बोलावणं आलंय, असं तो दर वेळी सांगत होता. आणि दर वेळी तिने त्याला थांबवलं होतं.

सत्र संपलं की ती खोली कायमची बंद होणार होती. तिने निरोपाचे प्रश्न विचारले नाहीत, तर तो तिचाच राहील — पण कुठे? जिथे अंधारही नाही तिथे, न निवणाऱ्या कपासमोर. आणि विचारले, तर जाईल. त्या आठवड्यात ती देवापुढे हात जोडून बसली, पण मागू काही शकली नाही. त्याला ठेव म्हणवेना, ने म्हणवेना.

शेवटच्या रविवारी तिने केस मोकळे सोडले.

"आज मुलाखत अवघड जाणार," तो म्हणाला.

"हो. का सोडताय?"

"बोलावणं आलंय."

ओठांवर आलेलं 'थांबा' तिने परतवलं. "...इथलं काय आवडलं?"

तो चमकला. हा प्रश्न आजवर कधी आलाच नव्हता. "खिडकी. बहिणीची बडबड. आणि एक जण — उशिरा आलेली."

"काही राहून गेलं?"

"तुम्हाला इस्त्री करताना बघायचं होतं. टेबलावर नेहमी मीच!"

ती रडता रडता हसली. "कुणावर राग?"

"आहे. डिंकताईवर. थांबा म्हणाली, ते मला फारच आवडलं."

"माझं प्रेम आहे तुमच्यावर." तिने डोळे पुसले नाहीत. "हे मुलाखतीत बसत नाही. तरी सांगते."

"मग दर रविवारी राजीनामा मागे घेत होतो तो कुणासाठी?" तो उठू लागला. "बरं... येतो."

सगळे असंच म्हणतात. निघतानाही येतो म्हणतात. पण तिने मान हलवली.

"येतो नाही. जातो म्हणा."

खिडकीतला पडदा वरच्या वर थबकला.

"जातो," तो म्हणाला.

"सांभाळून जा," ती म्हणाली.

कपातली वाफ बारीक होत गेली आणि विरली. त्याने कप उचलला, एक घोट घेतला, आणि लहान मुलासारखा चेहरा उजळला. "निवला गं!"

तेवढाच एक एकेरी शब्द. मग नुसती रिकामी खुर्ची, ऊन... आणि खिडकीतला पडदा खाली आला. खाली आला तो परत हलला नाही.

"झाली मुलाखत?" वर्गात परतल्यावर मॅडमनी विचारलं.

"झाली, मॅडम. पूर्ण झाली."

बोटं उबदार होती. तिने लॅपटॉप मिटला, इस्त्री तापवली आणि दादाचा शर्ट टेबलावर पसरून सावकाश, निगुतीने इस्त्री केली. कुणी बघत असेल तर नीट दिसावी अशी.

आता ती अधिकारी आहे. कुणी राजीनामा आणला तर अडवत नाही. सगळं विचारते, मन लावून ऐकते आणि दारापर्यंत सोडायला जाते. डिंकताई हे नाव मात्र अजून सुटलेलं नाही.

तुम्हीही उठाल, घरी जाल, चहा ओताल. पहिल्या घोटाआधी जरा थांबा, आणि त्या निळ्या स्वेटरवाल्याची आठवण काढा. त्याचं बोलणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं होतं, एवढं लक्षात असू द्या.