तबकडीची दुसरी बाजू

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी आमच्या घरी यावं. तबकडी दाखवतो. ऐकवणार मात्र नाही.

१९२९ सालचा मे महिना. सोलापूर, भवानी पेठ. वेळ रात्रीची नव्हे... दुपारचे साडेचार. लख्ख ऊन.

हे घडलं माझ्या आजोबांच्या बाबतीत. निंगप्पा त्यांचं नाव. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, म्हणून गोष्टीपुरता त्यांना निंगप्पाच म्हणतो. त्याचा थोरला भाऊ ईरप्पा, वहिनी शरणम्मा. भावांनी पाच जणांचा बँड काढला होता. ईरप्पा कॉर्नेट, म्हणजे छोटा पितळी कर्णा, फुंकायचा आणि निंगप्पाच्या गळ्यात मोठा ढोल.

एकदा ऐकलेली चाल ईरप्पा विसरायचा नाही. त्याचा त्याला तोराही भारी होता.

कॅम्पातल्या एका बंगल्यात अमेरिकन मडमबाई राहायच्या. एका सकाळी त्यांच्या ग्रामोफोनवर कॉर्नेट ऐकू आलं आणि ईरप्पा फाटकातच खिळला. बाईंनी दोघा भावांना व्हरांड्यात बसवलं.

"हे आमच्या देशातले काळे वादक," बाई चोख मराठीत म्हणाल्या. "सगळा देश यांच्या सुरांवर नाचतो. पण ज्या हॉटेलात हे वाजवतात, तिथे यांना पुढच्या दाराने येऊ देत नाहीत."

"जेवाय मागच्या अंगणात बसवत्यात व्हय?" ईरप्पाने विचारलं.

बाईंनी मान खाली घातली.

"मग आमच्यातलेच की ओ," तो हसून म्हणाला.

बाईंनी मग तबकडीची रीत सांगितली. त्यांच्या गावाकडे माणूस गेला की सगळी वस्ती बँडमागे चालते. पहिली बाजू जाताना वाजवायची. संथ. दुसरी परत येताना. जलद, नाचरी.

"ती वाजवल्याशिवाय कोणी घराकडे वळत नाही."

तीन दिवसांत ईरप्पाने पहिली बाजू गळ्यात उतरवली. चौथ्या दिवशी बाई थंड हवेच्या ठिकाणी निघाल्या. टांगा दारात उभा. दुसरी बाजू जेमतेम सुरू झाली आणि त्यांनी सुई उचलली.

"उरलेली जूनमध्ये," त्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी पेठेतले सुताचे व्यापारी गुरुबसप्पा वारले.

त्यांच्यात जाळत नाहीत. मृताला विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवून वाजतगाजत रुद्रभूमीत नेतात आणि पुरतात. बोलावणं ईरप्पाच्याच बँडला आलं.

"आज नवी चाल," तो म्हणाला.

"अण्णा, परत यायची बाजू कुटं येतीया आपल्याला?"

"आरं, येताना आपल्याकडं कोण वाजवतंय? काखंत मारायचं आन् गुमान घरला यायचं. लागती कशाला दुसरी बाजू?"

निंगप्पालाही ते पटलं. चुकलं ते इथेच.

ईरप्पाने ती संथ चाल अशी वाजवली की गुरुबसप्पांना कधी न पाहिलेले हमालसुद्धा डोळे पुसत मागे चालू लागले. माती झाली. घरची माणसं परतली. बँडवाले नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी निघाले.

रुद्रभूमीच्या फाटकाबाहेर एक कोरडा हौद होता. तिथून पेठ पाव तासावर.

पाव तास चालले...

समोर कोरडा हौद.

कुणीतरी हसलं. वाट चुकली म्हणालं. सरळ रस्त्यात वाट चुकणार कशी? पुन्हा निघाले.

पुन्हा हौद.

निंगप्पाने खाली पाहिलं. सावल्या होत्या तिथेच होत्या, बोटभरही लांबल्या नव्हत्या. एव्हाना मिलचा पाचचा भोंगा व्हायला हवा होता. तो झाला नाही. कुत्रं नाही, कावळा नाही. आपण उन्हात कोंडलो गेलोय, हे त्याला तेव्हा कळलं.

आणि मग मागून...

पावलं. संथ. त्याच चालीच्या ठेक्यात.

हे थांबले की ती थांबत. हे निघाले की निघत.

ईरप्पाचा चेहरा उतरला होता. त्याने कॉर्नेट ओठांना लावलं आणि दुसऱ्या बाजूचा ऐकलेला तेवढा तुकडा वाजवत पुढे निघाला. पाव तासाने हौदच आला. पावलं मात्र जवळ आली.

"मी हितंच उभा ऱ्हातो," तो म्हणाला. "त्येंच्याकडं तोंड करून वाजवतो. तुमी चला. मागं बघू नका."

"तुला सोडून न्हाय जायचा मी."

"निंग्या, शरणम्माला सातवा हाय. कुनीतरी घरला पायजे. जा म्हनतो न्हवं!"

चौघे निघाले. मागे तोच तुकडा पुन्हा पुन्हा. पुढचं त्याला येतच नव्हतं. निंगप्पा रडत चालत राहिला.

अचानक भोंगा झाला. समोर भवानी पेठ.

मागचे सूर तुटले.

निंगप्पा वळून पळाला. हौदापाशी कुणी नव्हतं. कॉर्नेटही नव्हतं. दोन दिवस शोधाशोध झाली. काही सापडलं नाही.

जूनमध्ये बाई परतल्या. सगळं ऐकून त्यांनी तबकडी आणि ग्रामोफोन त्याच्या हवाली केले.

"भावजी, आना त्यास्नी," दिवस भरत आलेली शरणम्मा म्हणाली. बस, एवढंच.

साडेचारला निंगप्पाने हौदाच्या कठड्यावर ग्रामोफोन ठेवला. किल्ली दिली. दुसरी बाजू लावली.

आधी ओळखीचा तुकडा. मग ईरप्पाने कधी न ऐकलेला भाग सुरू झाला...

आणि फाटकाच्या आतून कॉर्नेट साथीला आलं.

आधी चाचपडत. मग बरोबर.

पावलं वाजली. ईरप्पा चालायचा तशीच डावी वहाण फरफटत होती. अण्णाच! निंगप्पा आनंदाने ओरडणार, तोच त्या पावलांमागे दुसरी पावलं ऐकू आली. मग तिसरी. मग मोजता येईनात इतकी. सगळी एका ठेक्यात. नाचरी. फाटकाकडे येणारी.

सगळी वस्ती बँडमागे चालते.

निंगप्पाने सुई उचलली.

कॉर्नेट मध्येच तुटलं. पावलं थांबली. फाटकाच्या अगदी पलीकडून, हाताच्या अंतरावरून, भावाचा आवाज आला.

"निंग्या... वाजव की."

त्याने ग्रामोफोन पोटाशी धरला आणि तो पळत सुटला.

"लावली व्हय?" दारातच शरणम्माने विचारलं.

"लावली वैनी. कुनी आलं न्हाय."

शरणम्मा म्हातारी होऊन वारली. तोवर रोज साडेचारला ती दार उघडून आत बसायची. आजोबा उंबऱ्यावर बसायचे, एक हात कडीवर ठेवून, दार कधीही ओढून घेता येईल असे. आम्हाला वाटायचं, वहिनीला सोबत करतात. खरं काय ते त्यांनी मला अगदी शेवटी सांगितलं.

तबकडी आता माझ्याकडे आहे. दुसऱ्या बाजूवर मध्यापाशी सुईचा ओरखडा आहे. पुढचा भाग आमच्यापैकी कुणी ऐकलेला नाही.

ग्रामोफोन मी गेल्या वर्षी देऊन टाकला. कारण मे महिन्यात, साडेचारच्या सुमारास, माझा हात आपोआप किल्लीकडे जायला लागला होता.