भर दुपारचा कंदील

"विजे, आज तोंडाला कुलूप! पाव्हण्यांपुढं एक शब्द बोललीस तर बघ!" नानासोमामांनी दम भरला.

विजयमाला मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्याहून हरिपूरला मामाकडे आली होती. आज मामाच्या धाकट्या लेकीला, शालूला, बघायला सांगलीचे हळदीचे व्यापारी आले होते. पण थोरली हरणी कुठे होती?

हरणी पंधरा वर्षांची, पण मनाने सहा वर्षांची. शेजारची बना तिच्याच वयाची, तिला जेमतेम चार शब्द येत. गावाने दोघींना येड्या ठरवून टाकले होते. पण गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळताना बघावे त्यांना! हरणी खुशाल लबाडी करी, बना रुसे, हरणीने वेणी ओढली की खुदकन हसे. विजयमालाला तर या दोघींवाचून सुट्टी गोडच लागत नसे.

"हरणी गेलीया वडूजला, मावशीकडं," मामी म्हणाली. मान काही तिने वर केली नाही.

बनाला सोडून? शक्यच नाही! बना तर सकाळपासून दारोदार सांगत होती, "हरणी. खाली." लोक म्हणत होते, "जा गं येडे!"

विजयमाला तिच्यामागून निघाली. घरामागच्या परड्यापलीकडे मामांची पेवे होती, हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे. एका पेवाच्या तोंडावर फळी आणि पोती होती. त्यांच्यावर बनाने गजग्यांचे दोन वाटे मांडले होते, एक आपला आणि एक हरणीचा.

विजयमालाने फळी सरकवली. "हरणे! ए हरणे!"

उत्तर नाही! पेवातल्या कोंडलेल्या हवेने माणूस मरतो, हे हरिपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते; म्हणून पेव उघडले की आधी पेटता कंदील आत सोडतात, तो विझला तर कुणी उतरत नाही.

ती धावत सुटली. मामांनी तिला दारातच धरले. "गप! काल दिसभर गडी उतरत हुते त्यात, काय हुत न्हाई. बसंल घटकाभर. थोरली अशी हाय कळल्यावर शालूला कोण करंल? ओरडलीस तर तूबी येडी हाईस म्हनून सांगीन!"

येडीचे कुणी ऐकत नाही, हे विजयमालाने सकाळपासून पाहिलेच होते. ती मुकाट्याने आत गेली. महायुद्धामुळे रॉकेल रेशनवर मिळे, तरी तिने कंदील पेटवला आणि भर दुपारी तो घेऊन बैठकीतून चालू लागली.

पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्यांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. "दिवसा कंदील? कुणाचं पेव उघडलंय, पोरी?"

"मामांचं! आत त्यांची थोरली हरणी हाय! मनानं ल्हान म्हनून लपवलीया!"

सगळे धावले. कंदील दोरीने पेवात सोडला. निम्म्यावर जाताच ज्योत फडफडली आणि विझली. मामा पेवाच्या तोंडाशी जाऊन हाका मारू लागले.

गड्यांनी दोरीला लिंबाच्या डहाळ्या बांधून हवा घुसळली. पुन्हा सोडलेला कंदील तळाशी टिकला, तेव्हा एक जण उतरला. हरणी वर आली ती निळी पडलेली. श्वास होता, एवढेच.

"थोरली अशी हाय म्हनून सोयरीक मोडली नसती, नानासो," ते वडीलधारे पाहुणे म्हणाले. "पण लेकीला पेवात घालनाऱ्या घरात आमी पानीबी पिनार न्हाई." मग त्यांनी विजयमालाच्या पाठीवर हात ठेवला. "हुशार हाईस!"

"मी न्हाई. बना सांगत हुती सकाळपासनं. सगळ्यास्नी!"

हरणी वाचली, पण तिच्या उजव्या हातातली शक्ती परत आली नाही. बना रोज येई, दोन वाटे मांडी आणि हरणीचाही डाव आपणच खेळे. हरणीच्या डावात तिच्यासारखी लबाडी करायलाही विसरत नसे.

एका संध्याकाळी मामा जवळ येऊन बसले. बनाशी ते पहिल्यांदाच बोलत होते. "बना, माझ्यावर रागावलीया का गं हरणी?"

बनाने त्यांच्याकडे पाहिले, हरणीचे गजगे उचलून आपल्या मुठीत घट्ट धरले आणि हरणीला आपल्या पाठीमागे घेतले.