तपकिरी रंग वगळून

“रोझी ना? ती घर सांभाळते,” लेलंड म्हणाला आणि पाहुणीच्या कपात त्याने आणखी कॉफी ओतली.

स्वयंपाकघराच्या दारात दालचिनीच्या केकची थाळी घेऊन उभी असलेली रोझेला क्षणभर जागच्या जागी थिजली... प्रश्न काही वाकड्या हेतूने विचारलेला नव्हता. शहरातल्या संग्रहालयात लेलंड क्रेब्सच्या आजवरच्या साऱ्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, ते मांडणाऱ्या मिस विटलो चित्रं निवडायला घरी आल्या होत्या, आणि मिसेस क्रेब्सही काही करतात का, असं त्यांनी सभ्य माणसं विचारतात तसं विचारलं होतं. उत्तरही खोटं नव्हतं. घर ती सांभाळतच होती! पण त्याच घराच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रालगतच्या लांब टेबलावर, मिस विटलो ज्यांच्याकडे डोळे भरून पाहत होत्या ती भिंतीवरची चित्रं एकूण एक तिच्या हातांनी कापली आणि छापली गेली होती, हे त्या उत्तरात कुठेच नव्हतं.

तिने केक टेबलावर ठेवला. मिस विटलोंनी एक तुकडा चाखून, अशी सुगरण बायको मिळाली म्हणूनच कलावंताला निवांत काम करता येतं, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. लेलंड हसला. रोझेलाही हसली.

लेलंडच्या प्रतिभेविषयी तिच्या मनात कधीच किंतु नव्हता, आणि तिच्या दुःखाला विचित्र धार आली होती ती त्यामुळेच. ओहायो नदीकाठच्या त्याच शहरातल्या कलाशाळेत दोघं एका वर्गात होती. ती रानातल्या पक्ष्याचं एकेक पीस, पिसाच्या कडेची एकेक छटा अशी रंगवी की शिक्षक इतरांना बोलावून दाखवत, आणि लेलंड मात्र तिच्या मागे उभा राहून विचारी, “यातलं काय काय काढून टाकलं तरी हा पक्षी हाच राहील, सांग बघू?” सुतारपक्षी म्हणजे त्याच्या लेखी एक उभी रेघ, तिला टेकलेला एक त्रिकोण आणि लाल ठिपका; घुबड म्हणजे दोन वर्तुळं आणि त्यांच्यामधली शांतता. पहिल्यांदा तिला ते पोरकट वाटलं होतं. मग एका सकाळी खिडकीबाहेर खरा सुतारपक्षी खोडावर येऊन बसला, आणि तिला आधी दिसला तो लेलंडचा त्रिकोण... त्या दिवशी ती त्याच्या प्रेमात पडली.

पण हे कमीत कमी रेषांचं चित्र कागदावर उतरवणं ही कमीत कमी कष्टांची गोष्ट नव्हती. प्रत्येक रंगासाठी रेशमी जाळीची एक वेगळी स्क्रीन लागे; त्या स्क्रीनसाठी पातळ फिल्म सुरीने अशी कापावी लागे, की वरचा थर सुटावा आणि खालचा आधाराचा कागद मात्र कापला जाऊ नये. जिथे केवळ एक वळण म्हणजे सगळा पक्षी, तिथे ते वळण केसभर चुकलं तरी पक्षी मरे. आणि लेलंडचा हात कापे. दुसऱ्या महायुद्धात, बेल्जियमच्या बर्फात, त्याच्या उजव्या हाताची बोटं गारठून निकामी होता होता वाचली होती; पेन्सिल त्यांना पेलत असे, सुरी पेलत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात रोझेलाने आपले रंग आणि कुंचले बाजूला ठेवले आणि सुरी हातात घेतली. एवढा हिवाळाच, असं दोघांनी ठरवलं होतं. पुढे मुलीचा, लोर्नाचा जन्म झाला, चित्रं विकणाऱ्या दुकानदारांना एकच ठसठशीत नाव हवं होतं, वसंत आला की तुझ्या चित्रांचं बघू, असं लेलंड म्हणत राहिला... आणि वसंत तर दरसाल येतच होता!

त्या संध्याकाळी मिस विटलो गेल्यावर लेलंडने प्रदर्शनासाठी ठरवलेल्या नव्या चित्राचा आराखडा तिच्यापुढे ठेवला. पांढरा कोरा कागद म्हणजे बर्फ. त्यावर एका काळ्या फांदीची आडवी रेघ, आणि तिच्यावर एकच नर कार्डिनल पक्षी, शेंडीपासून शेपटीपर्यंत एकसंध लाल. चित्र अप्रतिम होतं. तिने ते मान्य केलं, आणि मग, जणू मीठ मागावं इतक्या सहजपणे, म्हणाली, “यात मादी घाल.”

लेलंडने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“मादी? ती तपकिरी असते, रोझी. बर्फात चिखल पडल्यासारखी दिसेल.”

“परसात रोज जोडीनं येतात दोघं. तू एकट्यालाच बोलावतोस.”

“चित्र उभं आहे ते त्या एकट्या लालवर,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “तुला का हे सांगायला हवं?”

तिला जे सांगायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते लोर्नाखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. तळघरात खिडकी नव्हती. छपाईनंतर स्क्रीन पुसायला लागणाऱ्या थिनरच्या वाफा वर्षानुवर्षं तिच्या श्वासातून आत गेल्या होत्या, आणि आता तिच्या बोटांतल्या नसा एकेक करून विझत चालल्या होत्या. गरम कप हातात घेतला तरी त्याची ऊब कळत नव्हती. काम ताबडतोब थांबवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लोर्ना तर बाबांना आत्ताच्या आत्ता सांगते म्हणून उठली होती. रोझेलाने तिला थोपवलं. प्रदर्शन तोंडावर आलंय, हे ऐकलं तर तो नवीन चित्र सोडून देईल, असं ती म्हणाली. लोर्ना संतापाने म्हणाली होती, “आई, तू हौतात्म्याची इतकी सवय लावून घेतली आहेस ना, की कुणी सुटका केली तर तुला करमणार नाही.” ते तिला झोंबलं, कारण ते पूर्ण खोटं नव्हतं.

तिने लाल कापला. काळा कापला. डोळ्यांनी बोटांना वाट दाखवत, कारण बोटांना आता सुरी जाणवत नव्हती. दोन्ही रंग छापून तिने कागद दोरीवर वाळत घातले. आणि मग एका सकाळी, लेलंड नदीकाठी फिरायला गेलेला असताना, तिने उरलेल्या फिल्मवर एक वळण कापलं, जे त्याच्या आराखड्यात नव्हतं. लालच्या मागे, फांदीच्या टोकाशी, एक लहानसा तपकिरी आकार... त्याच्याच रीतीचा, एक पीससुद्धा जास्त नाही. तिने तपकिरी रंग घोटला आणि वाळत असलेले सगळेच्या सगळे कागद उतरवून, एकेक करून, स्क्रीनवर रबरी पट्टी ओढत त्यांवर तो आकार उमटवला. एकही कागद तिने मागे ठेवला नाही.

लेलंड तळघरात आला तेव्हा दोरीवर कागदच कागद लटकत होते. तो पहिल्या कागदापाशी थांबला, दुसऱ्यापाशी गेला, मग शेवटच्यापर्यंत चालत गेला आणि परत आला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“बिघडवलंस,” तो हळूच म्हणाला.

“हो. मलाही दिसतं. परीक्षेत मी तुझ्या वर होते, विसरलास?”

“मग का?”

“कारण हे मी छापलेलं शेवटचं चित्र आहे. आणि तुझ्या एवढ्या पक्ष्यांत, लेलंड, एकही मादी नाही. सगळे झगझगीत नर. शोधून बघ.”

मग खालच्या आवाजात तो जे बोलला, ते त्याने इतकी वर्षं मनात जपलेलं असावं, एखादा चांगुलपणा जपावा तसं. तपकिरीत छटा असतात. एकेका मादीला तीन तीन स्क्रीन जास्त लागल्या असत्या. तिचे कष्ट वाचावेत म्हणून तो त्यांना गाळत आला होता. प्रत्येक वेळी.

रोझेलाने ते ऐकलं. मनात उठलं ते करुणा होती की संताप, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. हा माणूस तिच्यावर खरोखरच प्रेम करत होता... आणि त्या प्रेमातून त्याने केलं होतं ते हे!

“म्हणजे माझी दया आली म्हणून मलाच गाळलंस,” ती म्हणाली. आणि मग तिने त्याला हातांविषयी सांगितलं.

तो पायरीवर बसला. बराच वेळ तो तिच्या बोटांकडे पाहत राहिला, जणू तीही त्याने आजवर आवश्यक तेवढीच पाहिली होती. कधीपासून, असं त्याने विचारलं; ती म्हणाली, तू वसंताच्या गोष्टी करायचास तेव्हापासून. मग तो उठला, वाळलेला एक कागद उतरवून त्याने टेबलावर ठेवला, खिशातून पेन्सिल काढली आणि स्वतः सही न करता ती तिच्यापुढे धरली.

“तुझं नाव लिही,” तो म्हणाला. “सगळ्यांवर. आधी तुझं.”

ते शब्द कानी पडावेत म्हणून तिने किती हिवाळे वाट पाहिली होती! तिने पेन्सिल घेतली. बोटं तिच्याभोवती मिटली, पण पेन्सिल तिथे आहे की नाही, हे बोटांना कळत नव्हतं. सुरी दोन्ही हातांनी धरून, नजर रोखून हळूहळू सरकवता येत होती; अक्षर तसं लिहिता येत नाही. पहिलं अक्षर कागदावर अर्धं उमटलं, घसरलं, आणि पेन्सिल खाली पडून टेबलाखाली घरंगळत गेली. लेलंड गुडघे टेकून ती शोधू लागला. तो वर आला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते.

“मी धरतो तुझा हात,” तो म्हणाला.

“नको,” ती म्हणाली. आवाजात कडवटपणा होता, पण क्रौर्य नव्हतं. “आधी विचारलं असतंस तर... माझं अक्षर फार सुरेख होतं रे.”

त्या दिवशी त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्क्रीन धुतल्या. तिला वर पाठवून, तळघराचं दार उघडं टाकून, कापऱ्या हातांनी, वाईट धुतल्या. आणि त्या साऱ्या कागदांवर त्याने सही केली नाही. एकावरही नाही.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी संग्रहालयाच्या दालनात गर्दी लोटली होती. बाहेर बर्फ पडत होता. लोक बूट झटकत आत येत आणि भिंतीवरच्या त्रिकोणांशी, वर्तुळांशी थांबून एकमेकांना पक्ष्यांची नावं सांगत. शेवटच्या भिंतीवर ते नवं चित्र होतं, आणि त्याच्यापाशी लोक जास्त रेंगाळत होते. त्याखाली सहीच नाही, हे कोणीतरी हेरलं होतं आणि ती गोष्ट दालनभर पसरली होती. काय ही विनम्रता, असं लोक म्हणत होते. इतका मोठा कलावंत, आणि अखेरच्या चित्रावरून त्याने स्वतःला पुसून टाकलं! एका वृद्ध गृहस्थांनी लेलंडचा हात दोन्ही हातांत घेऊन हेच सांगितलं तेव्हा रोझेला त्याच्या शेजारीच उभी होती. तिला हसू आलं. त्याला फक्त वगळताच येत होतं. प्रायश्चित्तसुद्धा त्याने वगळूनच घेतलं होतं, आणि त्यातही तिचं नाव नव्हतंच.

गृहस्थ पुढे गेले. लेलंडचा चेहरा पांढरा पडला होता.

“सांगू का मी यांना?” त्याने तिला विचारलं.

“मला काय विचारतोस?”

तो गर्दीतून वाट काढत थेट मिस विटलोंकडे गेला. रोझेलाने दुरून पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, भरभर, लांबलचक. नेमकं तेवढंच बोलणारा तो माणूस आता काहीच गाळत नव्हता. त्याने भिंतीकडे हात केला, एका चित्राकडे, दुसऱ्याकडे, सगळ्यांकडे... मग तिच्याकडे. मिस विटलोंनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. रोझेलाने नकळत मान उंचावली. या वयात, या गर्दीत, आपल्याला कौतुकाची ही एवढी तहान आहे, याची तिला लाज वाटली.

मिस विटलो आल्या. मागोमाग लेलंड, लोर्ना आणि आणखी चारदोन माणसं आली. मिस विटलोंनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले. तिला ते दिसलं, पण जाणवलं नाही.

“मिसेस क्रेब्स, किती भाग्यवान आहात तुम्ही,” त्या गहिवरून म्हणाल्या. “तुमचे यजमान सांगताहेत, ही सगळी चित्रं तुम्हीच केली आहेत. बायकोचं असं ऋण मानणारा नवरा मी तरी पाहिला नाही.”

भोवतालची माणसं कौतुकाने हसली. लेलंड काहीतरी बोलू पाहत होता. कोणीतरी त्याची पाठ थोपटली.

“हो, त्याला असं बोलायची सवय नाही,” रोझेला म्हणाली. “पण हे खरं आहे, मिस विटलो. मीच केली आहेत.”

हशा आणखी मोठा झाला. मोकळा, प्रेमळ, कोणाचाही अपमान न करणारा हशा. लोर्ना तोंड फिरवून खिडकीकडे गेली. आणि त्या हसऱ्या चेहऱ्यांच्या मधोमध रोझेलाने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. तो मान ताठ धरून, सगळ्यांदेखत, ओठ चावत रडत होता, आणि ते अश्रू आनंदाचे समजून लोक टाळ्या वाजवत होते.

ती पुढे झाली आणि तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला. तो कापत होता की नाही, हे तिच्या बोटांना कळलं नाही. तिने ते डोळ्यांनी पाहून घेतलं.