बुरमा आजीचा अर्ज

काम तसं साधंच होतं. वरच्या वस्तीवरच्या एका म्हातारीचा अर्जावर अंगठा घ्यायचा आणि दुपारी गावच्या पंचांपुढे तो ठेवायचा. तालाय सकाळी घोड्यावर बसला तेव्हा त्याच्या मनात भीतीचा लवलेश नव्हता. होता तो नुसता राग. थोरला भाऊ एसेन नदीत बुडून गेल्यापासून त्याला सगळ्यांचाच राग येत होता. नदीचा, घरात भांडी वाजवणाऱ्या बायकांचा, आणि सगळ्यात जास्त एसेनचा. चौतीस वर्षांचा बाप्या, नदीवरचा बर्फ धरलाय की नाही एवढं कळू नये त्याला?

एसेन लोकांची अडकलेली येणी सोडवून द्यायचा. दमदाटी नाही, मारामारी नाही. दुकानाची उधारी असो की मेंढपाळाचा थकलेला पगार, तो अर्ज लिहायचा, साक्षीदार गाठायचा आणि पंचांपुढे वादीच्या शेजारी जाऊन बसायचा. जिल्ह्याच्या कोर्टापर्यंत जायला ज्यांच्याकडे बसभाडंही नसे, त्यांची असली लहानसहान भांडणं गावचे पाच म्हातारेच मिटवत. मोबदला म्हणून चहाची पुडी मिळाली तरी स्वारी खूश.

दफनाच्या दिवशी नमाजाआधी रीतीप्रमाणे तालायला सगळ्यांपुढे उभं केलं होतं. मेलेल्याचं देणं घरच्यांनी अंगावर घेतल्याशिवाय त्याला मातीत सुख नाही. म्हणायचं एवढंच, एसेनकडे कुणाचं काही निघत असेल तर माझ्याकडे मागा. पण तालाय पडला चौथीत शाळा सोडलेला, त्यात डोक्यात तिडीक. तो ओरडला, "पैसेच काय, दादानं ज्याला ज्याला शब्द दिलाय तो आता माझा शब्द! ज्याचं अडलंय त्यानं माझ्याकडे या!"

पंचांतले ओमुर आजोबा शेजारीच होते. त्यांनी त्याची बाही ओढली. "अरे वेड्या, पैशाचं बोलतात. शब्द कुणी अंगावर घेतं का? कोण कोण ऐकत असतं..."

"ऐकू दे."

आता चाळिसाव्या दिवसाचं जेवण परवावर आलं होतं. अक्षराला अक्षर लावत तालायनं भावाच्या पिशवीतले सगळे कागद वाचले, दारोदार फिरून एकेक मिटवला. हा शेवटचा. बुरमा आजीनं दोलोत नावाच्या मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला लोकर दाबून मोठा नमदा, म्हणजे जाडजूड गालिचा, करून दिला होता. त्याचे अठरा हजार सोम त्यानं बुडवले होते. हे मिटलं की एसेन मोकळा. पंचांना आणि दोलोतला दुपारी जमायचा निरोप धाडून, पण वादी कोण ते कुणाला न सांगताच, तालाय निघाला होता.

वस्तीवर धुकं इतकं दाट होतं की घर दिसण्याआधी त्याचा वास आला. ओल्या लोकरीचा. कुत्रं भुंकलं नाही. धुराड्यातून धूर नव्हता. आतून मात्र आवाज येत होता. धप... धप... नमदा दाबल्याचा.

दार उघडंच होतं. आजी गुडघ्यांवर बसून दोन्ही कोपरांनी ओली लोकर दाबत होती. चूल विझलेली. भिंतींना आतून दहिवर धरलेलं.

"एसेनचा भाऊ ना तू?" ती मान वर न करता म्हणाली. "नाक त्याचंच आहे. डोकं नाही."

"अंगठा द्या आजी. पंच खोळंबतील."

"नुसत्या अंगठ्याचं काय घेऊन बसलास? मीच येते की." धप... धप... "तो म्हणाला होता, शेजारी बसेन. तू बसशील?"

"बसेन."

"सगळं मिटेपर्यंत?"

"हो आजी, सगळं मिटेपर्यंत. चला आता."

ती मागे बसली तसा घोडा शहारला. तालायला तिचं वजन काही जाणवलं नाही. कोटातून पाठीला ओल तेवढी लागत राहिली. अख्ख्या वाटेत ती एकदाच बोलली. नदीपाशी.

"इथंच ना?"

तालायनं घोड्याला टाच मारली.

पंचांच्या खोलीत शेगडी फुलली होती. दोलोत सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता. तालायला पाहताच तो खो खो हसला. "आले वकीलसाहेब! चौथी नापास!"

"बस दात काढत," तालाय म्हणाला आणि बाकावर बसला, शेजारी जागा सोडून.

दोलोतची नजर त्या जागेवर गेली. बीचं टरफल त्याच्या ओठाला चिकटलं ते तसंच राहिलं.

"तालाय..." ओमुर आजोबांचा आवाज अगदी खाली आला होता. "वादी कुठाय?"

"ही काय, बसलीय ना."

बाकाच्या फळीवरून पाणी गळत होतं. टप... टप... खोलीभर ओल्या लोकरीचा वास पसरला. दोलोत उठला, भिंतीला पाठ घासत पंचांच्या टेबलापर्यंत गेला आणि खिशातल्या सगळ्या नोटा त्यानं तिथं ओतल्या.

"मी... मी देणारच होतो."

"मग तिच्या मातीच्या दिवशी का नाही बोललास?" ओमुर आजोबांनी विचारलं. "तिच्या भाच्यानं तीन वेळा विचारलं, आत्याचं कुणाकडे येणं आहे का. तू माझ्या शेजारी उभा होतास, दोलोत."

"कुणाच्या मातीच्या?" तालायनं विचारलं.

"बुरमाच्या. सप्टेंबरात गेली ती. तू तेव्हा शहरात विटा वाहत होतास."

तालायनं शेजारी पाहिलं. बाक रिकामा होता, ओला होता. अर्जावर खाली अंगठा उठला होता आणि त्याच्या ओलाव्यात पांढऱ्या लोकरीचा एक धागा अडकला होता.

"मी एसेनला सांगितलं होतं," आजोबा म्हणाले, "बाई गेली, आता सोड. म्हणाला, शब्द दिलाय, अंगठा घेऊन येतो. त्याच दिवशी नदीत गेला."

"पण मिटलं ना आता?" तालायचा आवाज चिरकला. "शेवटचा कागद होता, आजोबा. दादा सुटला ना?"

आजोबांनी नोटा तिच्या भाच्यासाठी बाजूला ठेवल्या.

"कागद शेवटचा असेल, पोरा. अकरा वर्षं तो वस्त्या-वस्त्यांवर फिरला. तोंडानं किती जणांना शब्द दिला, कुणाला ठाऊक? त्यातली आता निम्मी माणसं तर..."

तालाय दार लोटून बाहेर आला.

घोडा खांबाशी होता. तालायनं रिकिबीत पाय टाकला, तो हुकून हवेतच राहिला. एसेन त्याच्यापेक्षा वीतभर उंच. शहरातून आल्या दिवशीच तालायनं रिकिबींचे पट्टे तीन भोकं वर घेतले होते. आता दोन्ही पट्टे तीन भोकं खाली होते. घोड्याभोवतीच्या बर्फात त्याच्या एकट्याचीच पावलं होती. त्यानं खोगिरावर हात ठेवला. कुणी नुकतंच उतरावं तसं ते ऊबदार होतं.

"दादा..." तो म्हणाला, आणि खोगिराला तोंड लावून लहान मुलासारखा रडला.

पट्टे त्यानं वर घेतले नाहीत. तसाच चढला, पाय लोंबकळत. घोड्यानं घराकडे तोंड वळवलंच नाही. तो धुक्यातल्या दुसऱ्याच एका वस्तीच्या वाटेला लागला, रोजची वाट असावी तसा, आणि तालायनं लगाम ओढला नाही.